पेटीतले कागद आणि गच्चीची गळती

स्मरणिका समितीने मला सांगितले, "तुम्ही नऊ वर्षे सचिव होतात, तेव्हा सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा. दोन पाने पुरेत." मी होकार दिला आणि कपाट उघडले. २००० साली नोंदणी झालेल्या आपल्या सोसायटीची २००५ पूर्वीची फाइल कपाटात जवळजवळ नाहीच. जी आहे तिची पाने एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली आहेत. ती वीट माझ्या हातून झाली. म्हणून हा लेख दोन पानांत मावला नाही, आणि नुसता अभिनंदनाचाही राहिला नाही.

आपल्या बत्तीस घरांपैकी निम्म्याहून जास्त माणसे मुंबईच्या चाळींतून आलेली. गिरगाव, परळ, लालबाग, शिवडी. मी परळचा. दहा बाय बाराची खोली, सज्जात मोरी, मजल्याच्या टोकाला संडास. लहानपणी आमच्या चाळीला लाकडी टेकू लागले होते, ते 'बोर्डाचे टेकू'. आम्ही मुले त्यांच्याभोवती लपाछपी खेळायचो. पावसाळ्याआधी बोर्डाचा माणूस येई, भिंतीवर हातोडी मारून बघे, वहीत लिही आणि जाई. कधी वर्षभराने कामगार येत, कधी येतच नसत. वडील चिडायचे. पण त्या वहीत आमच्या चाळीची नोंद होती, ही गोष्ट तेव्हा आमच्या लक्षातही आली नव्हती.

हे बोर्ड कुठून आले ते सांगायला हवे, कारण आपल्या गच्चीच्या गळतीशी त्याचा संबंध आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूंना आधार मिळाला, ते योग्यच झाले. पण मालकाला पाच-सात रुपये भाड्यात लोखंडी तुळई बदलणे परवडेना, आणि ज्याला परवडत होते त्यालाही ती बदलण्यात रस उरला नाही. इमारती पडू लागल्या, पावसाळ्यात माणसे दगावू लागली. शेवटी १९६९ साली मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या शहर भागातल्या जुन्या इमारती मोजल्या गेल्या. त्या निघाल्या १९,६४२. त्यांच्यावर मालमत्ता कराबरोबर दुरुस्तीचा उपकर बसला. रहिवाशांचा उपकर, त्यात शासनाची आणि महापालिकेची भर, असा दुरुस्तीचा पैसा उभा राहू लागला. पुढे म्हाडा झाली आणि मंडळ तिच्यात गेले. आजही मुंबईत 'उपकरप्राप्त इमारत' म्हटले की सगळ्यांना कळते.

मंडळावर टीका करणारे पुष्कळ आहेत, आणि परळच्या आमच्या घरात ती मी पोटभर ऐकली आहे. तरी एक मान्य करायला हवे. आधी इमारतींची यादी झाली, मग पैसा आला. यादीत नसलेल्या इमारतीसाठी पैसा नाही. आणि ती यादी शीव-माहीमला संपली. तिथून पुढे कुर्ला, ठाणे, कल्याण करत आपण लोकलने इथे उतरलो, तेव्हा हक्काचे घर मिळाले, स्वतंत्र संडास मिळाला, खिडकीतून डोंगर दिसू लागला. उपकर मात्र मागेच राहिला. ते आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

आपल्या बाजूच्या तीन गावांत या कागदांची गोष्ट तीन तऱ्हांनी घडली आहे.

अंबरनाथचे शिवमंदिर आपण सगळ्यांनी पाहिले आहे. महाशिवरात्रीला रांगेत उभे राहून घामही गाळला आहे. त्या देवळाचा काळ कशावरून कळतो? उत्तरेकडच्या दाराच्या आत, वर कोरलेल्या लेखावरून. शिलाहार राजा मम्मुणी याच्या काळातला तो लेख. सुरुवातीला त्यातला शक ७८२ असा वाचला गेला, नंतर तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा निश्चित झाला. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षे अलीकडे आले. आज ते केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, त्याच्या डागडुजीला सरकारी पैसा मिळतो, कारण ते राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या यादीत आहे. पुन्हा यादीच.

उल्हासनगरची गोष्ट जास्त जवळची. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने छावणी उभारली, दोन हजारांवर बराकी. युद्ध संपले, फाळणी झाली आणि त्या बराकींत सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसे येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. पत्ता मात्र लष्करीच राहिला. कॅम्प नंबर, बराक नंबर, रूम नंबर. माझे ऑफिसातले एक सिंधी मित्र चार नंबर कॅम्पातले. त्यांच्या घरी एकदा गेलो असताना त्यांनी दोन कागद दाखवले. एक, मागे सोडून आलेल्या घराच्या दाव्याचा. त्याला ते नुसते 'क्लेम' म्हणतात. दुसरी, बराकीतल्या खोलीची सनद. १९५४ च्या विस्थापितांच्या नुकसानभरपाई कायद्यानुसार ज्यांचा क्लेम मंजूर झाला त्यांना भरपाईची रक्कम इथल्या जागेच्या किमतीत वळती करून घेता येत होती. म्हणजे शिकारपूरच्या घराचा कागद सांभाळला म्हणून उल्हासनगरातली खोली नावावर झाली. घरच गेले, तर कागद कशाला, असे त्यांच्या आजोबांनी म्हटले असते तर?

मित्राने ती सनद लॅमिनेट करून घेतली होती आणि मोठ्या अभिमानाने दाखवत होता. मी काही बोललो नाही. जुना कागद लॅमिनेट करू नये, प्लास्टिक नंतर सुटत नाही आणि आतला कागद गुदमरून पिवळा पडतो, हे मला फार उशिरा कळले. आपल्या शेअर सर्टिफिकेटांवरही काही मंडळींनी हा प्रयोग केला आहे. कृपया करू नका.

उल्हासनगरात पुढे बराकींवर मजले चढले, बराकी पाडून इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यातल्या किती परवानगीने आणि किती परवानगीशिवाय याचा हिशेब हळूहळू सुटला. २००५ मध्ये उच्च न्यायालयापुढे ८५५ अनधिकृत इमारतींचा प्रश्न आला. त्या पाडायच्या तर हजारो कुटुंबे रस्त्यावर येणार. मग २००६ साली केवळ उल्हासनगरसाठी वेगळा कायदा करून दंड भरून बांधकामे नियमित करण्याची वाट काढली गेली. तरीही कागदाचे काम पूर्ण झाले नाही ते नाहीच. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत तिथल्या दोन इमारतींचे वरचे स्लॅब खालपर्यंत कोसळले. घरात बसलेली माणसे गेली. दोन्ही इमारती नव्वदीच्या दशकातल्या, म्हणजे आपल्याच वयाच्या. त्या आठवड्यात आपल्या जिन्यात सगळे वर छताकडे बघत उतरत होते, आठवत असेल.

आता आपले बदलापूर. इथे बराकही नव्हती आणि शिलालेखही नव्हता. शेती होती, गाव होते, आणि स्टेशन होते. आपल्या प्लॉटचे कागद शोधायला निघालो तेव्हा कळले की एकाच जमिनीचे कागद किती दप्तरांत पसरतात. सात-बारा आणि फेरफार महसुलाकडे. बिनशेतीचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडचा. हा सगळा भाग १९८३ मध्ये कल्याण महापालिकेत गेला आणि १९९२ मध्ये कुळगाव-बदलापूर नगरपरिषद वेगळी झाली, त्यामुळे मधल्या काळातले काही तिकडे, काही इकडे. करारनामे दुय्यम निबंधकाकडे. २००१ च्या जनगणनेत शहराची वस्ती ९८ हजारांच्या आसपास होती, ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. एवढ्या वेगाने इमारती होत असताना त्यांचे कागद कोण नीट लावत बसणार? बिल्डरला पुढची इमारत दिसत होती आणि आपल्याला गृहप्रवेशाची तारीख.

मंगळवार, २६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्या जगाला माहीत आहे. आपल्याकडे उल्हास नदीने काय केले ते आपल्याला माहीत आहे. मी ऑफिसात अडकलो होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी कल्याणहून बराचसा रुळांवरून चालत घरी पोहोचलो. बायको-मुले दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होती, सुखरूप. तळमजल्याच्या चारही घरांत छातीइतके पाणी येऊन गेले होते. त्या चार घरांचे काय काय गेले ते मी लिहीत नाही, त्यांनीच कधी लिहावे. सोसायटीची पत्र्याची पेटी मात्र मीटर रूममध्ये होती. ती तिथे मी ठेवली होती. आधी ती पहिल्या खजिनदारांच्या घरी असायची. ते गेल्यावर मी म्हणालो, "कशाला काकूंना त्रास? मीटर रूमला कुलूप आहेच."

पेटी उघडली तेव्हा आत गाळ. मंजूर नकाशाची प्रत, भोगवटा दाखला, बिल्डरने दिलेला आर्किटेक्टचा बांधकाम खर्चाचा दाखला, पहिल्या पाच वर्षांची इतिवृत्ते. आम्ही दोघा-तिघांनी ते कागद गच्चीवर कडक उन्हात पसरले आणि वर विटा ठेवल्या. संध्याकाळपर्यंत त्यांची पापडे झाली. ओले कागद उन्हात घालायचे नसतात. सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये टीपकागद घालून सुकवायचे, आणि फारच असतील तर पिशवीत घालून चक्क फ्रीझरमध्ये ठेवायचे, म्हणजे बुरशी थांबते आणि सवडीने एकेक सोडवता येतो. तेव्हा फ्रिज कोणाच्या घरी चालू होता म्हणा.

यानंतरची गोष्ट इतिवृत्तात एका ओळीची आहे, पण आपल्या पंचवीस वर्षांतली सर्वांत महाग ओळ तीच.

उपविधीप्रमाणे दुरुस्ती-देखभाल निधी दर घराच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड ०.२५ टक्के घ्यायचा असतो. आपला बांधकाम खर्च घरटी दोन लाख धरला होता. म्हणजे वर्षाला दीड हजार अधिक पाचशे. पहिली पाच वर्षे तसे घेतले. पुरानंतरच्या सर्वसाधारण सभेत एका सभासदाने विचारले, "दोन लाख हा आकडा आला कुठून? दाखला दाखवा." दाखल्याची पापडी झालेली. दुसरे म्हणाले, "लोकांचे फ्रिज, गाद्या गेल्यात, आणि तुम्ही फंड मागताय?" खरेच होते ते. तेव्हा ठराव झाला: 'तूर्त सर्व मिळून दरमहा घरटी पन्नास रुपये घ्यावेत.' ठराव मीच लिहिला. त्यातला 'तूर्त' सोळा वर्षे टिकला. लेखापरीक्षक दर वर्षी शेरा मारायचे की निधी उपविधीप्रमाणे नाही, आणि आम्ही दर वर्षी दोषदुरुस्ती अहवालात लिहायचो की पुढील सभेत विषय घेण्यात येईल.

हे लिहिताना मला परळचा मालक आठवला. त्याचे भाडे १९४० ला गोठले म्हणून चाळ पडायला आली, असे आम्ही म्हणायचो. आपण तर स्वतःच मालक, आणि आपणच आपला निधी पन्नास रुपयांना गोठवला. शिवाय नीट बघितले तर उपविधीतला आकडाही गोठलेलाच. मूळ बांधकाम खर्चाचे ०.७५ टक्के. सिमेंट, सळई, मजुरी कुठल्या कुठे गेली तरी दीड हजार तो दीड हजारच. 'किमान' या शब्दाकडे आपण कधी लक्षच दिले नाही. सभेला जास्त घेता येते.

जून २०२१ मध्ये तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीचा तुकडा एका स्कूटरवर पडला. स्कूटरवर कोणी नव्हते. पंधरा वर्षांपुढच्या इमारतीने पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते, आपले एकदाही झाले नव्हते. ते केले. अभियंत्याने पहिला प्रश्न विचारला, "आरसीसी ड्रॉइंग आहेत का?" नव्हती. मग खांब कुठे किती सळईचा हे शोधायला जादा चाचण्या, जादा पैसे. निदान सी-२बी निघाले, म्हणजे घरे रिकामी न करता दुरुस्ती. अंदाजपत्रक २६ लाख. निधीत व्याज धरून, किरकोळ कामे वजा जाता, ७ लाख.

१९ लाख कुठून आणायचे? सगळीकडे विचारले. लोकप्रतिनिधींकडे गेलो, ते आपुलकीने बोलले; फाटकाबाहेर गटार आणि पेव्हर ब्लॉक करून देता येतील, फाटकाच्या आतले तुमचे खासगी. घरकुल योजना पाहिल्या, त्या नव्या घरासाठी. आपल्यासारख्या जुन्या सोसायटीच्या गच्चीला त्यात खाते नाही. बँकेत गेलो तर जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, हा प्रश्न. अभिहस्तांतरण झालेले नव्हते. बिल्डर देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरण करून घ्यायची सोय कायद्यात आहे, पण त्याला लागतात तेच कागद. मंजूर नकाशा, भोगवटा दाखला, बिनशेतीचा आदेश. पुन्हा पेटीपाशी येऊन थांबलो.

घरटी ५९ हजारांवर आकडा आला, सहा हप्त्यांत. बहुतेकांनी दिले, काहींनी दागिने ठेवून. एका घराला जमले नाही. गिरणी बंद झाल्यावर मिळालेल्या पैशांतून त्यांनी इथे घर घेतले होते. आम्ही मुदत वाढवून दिली, दोघांनी त्यांचा एकेक हप्ता भरायची तयारीही दाखवली. त्यांनी ते घेतले नाही. घर विकले आणि वांगणीच्या पुढे भाड्याने गेले. सोळा वर्षांत उपविधीप्रमाणे घेतले असते तर प्रत्येक घराचे २२,४०० रुपये आधीच जमा झाले असते आणि मागायचे उरले असते साधारण ३७ हजार. तेवढे त्यांना जमले असते का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. त्यांच्या स्टीलच्या डब्यातली दिवाळीची चकली आपल्यापैकी पुष्कळांनी खाल्ली आहे. रौप्यमहोत्सवाचे निमंत्रण त्यांना गेले आहे.

त्यानंतर कागद परत जमवायचे ठरवले. माहितीच्या अधिकाराचे अर्ज केले, शोध शुल्क भरले, नकलांसाठी फेऱ्या मारल्या. एका कार्यालयात सांगितले, फाइल सापडत नाही. दुसऱ्या ठिकाणी एका वृद्ध लिपिकाने तासभर गठ्ठे उपसून आमची फाइल काढली आणि वर म्हणाला, "लाल फडक्यात होती म्हणून वाचली." सरकारी दप्तराची ती जुनी रीत आहे, अ, ब, क, ड असे वर्ग. 'अ' म्हणजे कायम ठेवायचे, 'ब' तीस वर्षे, 'क' दहा किंवा पाच वर्षे, 'ड' वर्षभर. वर्गाप्रमाणे फडक्याचा रंग. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद रुमालांत बांधलेले असतात तीच ही परंपरा. चुकीच्या रंगाचे फडके मिळाले की इमारत जिवंत असतानाच तिची फाइल जाळायला जाते. राज्यात २००५ पासून सार्वजनिक अभिलेखांचा कायदा आहे, पण कपाट, कोरडी खोली आणि ती सांभाळणारा माणूस यांना पैसे लागतात.

बांधकाम खर्चाचा दाखला मात्र कुठेच मिळेना. तो कुठे मिळाला ते वाचून काही जण हसतील. पहिल्या खजिनदारांच्या घरी, पोटमाळ्यावर, बिस्किटांच्या डब्यात. त्यांना प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवायची सवय होती. दाखला, मंजूर नकाशा घडी करून, पहिल्या वर्षाच्या पावत्यांची स्थळप्रत, सगळे कोरडे ठणठणीत. मी काकूंना म्हणालो, "काकू, हे तुमच्याकडे आहे हे इतकी वर्षे सांगितलं नाहीत?" त्या म्हणाल्या, "तुम्ही कधी विचारलंत का?"

एका सभासदाचा मुलगा अमेरिकेत बॉस्टनजवळ असतो. मागच्या गणपतीत तो आला होता, तेव्हा त्याने त्यांच्या गावच्या कराची गोष्ट सांगितली. मॅसॅच्युसेट्स राज्यात २००० साली एक कायदा झाला. गावाने मतदान करून मालमत्ता करावर जास्तीत जास्त ३ टक्के अधिभार लावून घ्यायचा. त्या पैशातला किमान दहा टक्के वाटा मोकळ्या जागांसाठी, दहा टक्के परवडणाऱ्या घरांसाठी आणि दहा टक्के ऐतिहासिक ठेव्यासाठी. या तिसऱ्या वाट्यातून गावाची जुनी जन्म-मृत्यूची आणि सभांची बाडे दुरुस्त करून घेतात. राज्य सरकार त्यात भर घालते, ती दस्तनोंदणीच्या वेळी घेतलेल्या शुल्कातून. मला गंमत वाटली ती याची, की घर आणि वही एकाच पेटीतून सांभाळायची हे त्यांना सुचले. तिथले लोक श्रीमंत, आपली तुलना नको, असे कोणी म्हणेल. पण आपणही घर घेताना मुद्रांक शुल्क भरतो, नोंदणी फी भरतो, आणि त्यातला काही भाग स्थानिक संस्थांकडे येतोही. त्यातून नगरपरिषदेने शहरातल्या पंचवीस वर्षांपुढच्या इमारतींची एक यादी करावी, प्रत्येकीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला स्कॅन करून ठेवावा, आणि ज्या सोसायट्या नियमाप्रमाणे निधी घेतात त्यांना ऑडिटचा निम्मा खर्च द्यावा. मुंबईसारखा उपकर मी मागत नाही, त्यातले वाद मला माहीत आहेत. यादी तरी हवी. त्या अर्थाचे निवेदन कार्यकारिणीने तयार केले आहे, आजूबाजूच्या सोसायट्यांच्याही सह्या घेत आहोत.

आपल्या पुरते सांगायचे तर, २०२२ पासून निधी पुन्हा दाखल्याप्रमाणे आणि वर सभेने ठरवलेल्या वाढीने घेतला जातो. मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज दाखल झाला आहे. कागद दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात आहेत. २७ जुलै २०१९ ला, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली त्या दिवशी, तळमजल्यात पुन्हा पाणी आले होते. तेव्हा उरलेसुरले कागद वर होते म्हणून वाचले. स्कॅन केलेली एक प्रत अध्यक्षांकडे आणि एक बाहेरगावी राहणाऱ्या एका सभासदाकडे आहे. येत्या सभेपुढे दोन विषय आहेत: गच्चीच्या उरलेल्या अर्ध्या भागाचे वॉटरप्रूफिंग, आणि दप्तरासाठी लोखंडी कपाट, आम्लविरहित फोल्डर व स्कॅनिंगचा खर्च. रौप्यमहोत्सवाच्या शिल्लक रकमेतून यातले एकच होईल असे खजिनदार म्हणतात. मी दोन्ही विषय एका ठरावात मांडणार आहे.

अजून आपल्याकडे या गोष्टी नाहीत: आरसीसी ड्रॉइंग, २००० ते २००५ ची इतिवृत्ते, आणि सात घरांच्या मूळ करारनाम्याच्या प्रती (घर क्रमांक कार्यालयाच्या फलकावर लावले आहेत). कोणाच्या माळ्यावर, गादीखाली किंवा गावच्या घरी काही असेल तर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात कार्यालयात आणावे. मूळ कागद तिथेच तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत दिला जाईल. ओला असेल तर उन्हात न घालता तसाच आणा.